सात नंबरचा खड्डा

"सात नंबरचा खड्डा मला पाहिजे," मी मगदूम सरांना म्हटलं.

सरांनी वहीतून मान वर काढली नाही. "बायजाक्का, तुम्हाला अकरा नंबर दिलाय. कडुनिंबाखाली, सावलीत. वयाचा मान ठेवलाय."

"वय गेलं खड्ड्यात. मला सात द्या."

"सात नंबर नगरसेवक पोपटरावांचा आहे. तिथं उजेड चांगला पडतो."

"झाडाला?"

"फोटोला," सर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या माणसाचं नाव लिहायला घेतलं.

ही गोष्ट सतरा वर्षांपूर्वीची, इचलकरंजीतल्या आमच्या सूतगिरणी कामगार कॉलनीतली. कॉलनीच्या मधोमध मोकळी जागा होती. मगदूम सर शाळेतून रिटायर झाले आणि त्यांच्या डोक्यात आलं की इथं सगळ्यांची मिळून बाग करायची. एक रविवार ठरवला आणि त्याला 'सेवादिन' असं नाव दिलं. घरटी एक माणूस, ज्यानं त्यानं आपलं अवजार आणायचं आणि श्रमदान करायचं.

माणसं आली बेचाळीस आणि फावडी आली चार. बाकीच्यांनी काय आणलं होतं म्हणाल, तर एकीनं उलथनं, एकानं क्रिकेटचा स्टंप, आणि पोस्टातून रिटायर झालेल्या तांबोळीकाकांनी छत्री. "देखरेखीला लागते," म्हणाले. सरांनी समित्या केल्या. खड्डे समितीत सहा जण, पाणी समितीत चार, आणि चहा समितीत एकोणीस.

पाणी समितीत अनुसया होती. अनुसया म्हणजे माझी धाकटी जाऊ. दोन घरं सोडून राहते. त्या दिवशी ती बादली घेऊन माझ्यासमोरून तीनदा गेली आणि तिन्ही वेळा मी आभाळाकडं बघितलं. अकरा वर्षं आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो.

कारण आमच्या पाट्याचा वरवंटा.

वरवंटा बाजारात मिळतो, मला ठाऊक आहे. पण खोतांच्या घरातला तो वरवंटा माझ्या सासूच्या सासूचा. चटणी वाटायला तर होताच. शिवाय घरात मूल झालं की बारशाला आधी त्यालाच टोपडं घालून पाळण्यात निजवायचा, बायकांनी त्याला पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हातात द्यायचं, आणि त्यानंतर बाळ. मूल दगडासारखं खणखणीत व्हावं म्हणून. आमचे मालक, त्यांचा भाऊ, माझी वैजू, अनुसयाची दोन्ही पोरं, सगळे खोत त्याच्या मागून पाळण्यात गेले.

सेवादिनाच्या अकरा वर्षं आधी तो हरवला. त्याच्या आदल्याच आठवड्यात अनुसयानं तो मागून नेला होता. ती म्हणाली, परत दिला. मी म्हटलं, नाही दिलास. घरात नाही म्हटलं, गल्लीत उभं राहून म्हटलं. तेव्हा काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, कागद खराब होईल. चोरटी हा त्यातला सगळ्यात गोड शब्द होता.

आणि आता वैजू बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली होती. गुरुवारी बारसं. निपाणीहून तिच्या सासरची वीस माणसं येणार आणि माझ्या पाट्यावर वरवंटा नाही. वैजू म्हणाली, "आई, मिक्सरचं भांडं निजव टोपडं घालून." सासरी गेल्यावर लेकींना जीभ फुटते ती अशी.

सात नंबर काही मला मिळाला नाही. दहा वाजता पोपटराव आले. पांढरे कपडे, मागं पाच कार्यकर्ते आणि एक फोटोवाला. ते कुदळ उचलणार, एवढ्यात माझ्या तोंडून निघालं, "तिथं नका खणू. साप आहे."

चहा समिती एका उडीत फाटकाबाहेर गेली. पोपटरावांचा चेहरा कपड्यांसारखा झाला, पण फोटोवाला समोर उभा होता. माघार घेता येईना.

"कसला साप, आक्का?"

"नाग," मी म्हटलं. "मोठा आहे. म्हणून म्हणते, तुम्ही अकरा नंबरला जावा. सात मी बघते. मला सवय आहे."

"बाईमाणसाला नागापुढं घालून मी सावलीत जाऊ?" ते मोठ्यानं म्हणाले, फोटोवाल्याला ऐकू जाईल असं. मग पाच कार्यकर्ते काठ्या घेऊन गोल उभे राहिले आणि पोपटरावांनी लांबूनच, सुनेनं सासऱ्याला ताट वाढावं तशी कुदळ मारली. फोटो नीट आला नाही. पुन्हा मारली. कधी डोळे मिटले जायचे, कधी कार्यकर्ता मध्ये यायचा. एका फोटोपायी बाराव्यांदा कुदळ बसली आणि आवाज आला, टण्ण.

कुणीतरी हातानं मुरूम बाजूला केला. खाली काळाभोर, गुळगुळीत, गोल दगड. फूटभर लांब. बाहेर काढला, उभा केला, बादलीभर पाणी ओतलं. एका टोकाला नखाच्या आकाराचा टवका चमकला.

"चंद्रकोर!" चहा समितीतून ओरडा आला. ती एव्हाना परत आली होती.

तो टवका माझा. लग्न होऊन आले त्याच्या तिसऱ्या दिवशी मी सासूबाईंची नजर चुकवून त्या वरवंट्यानं नारळ फोडला होता.

"आणि नाग!" तांबोळीकाका छत्री मिटत म्हणाले. "आक्कांनी आधीच सांगितलं होतं! नाग राखणीला होता!"

बेचाळीस माणसं, पाच कार्यकर्ते आणि एक नगरसेवक माझ्याकडं वळले.

"आक्का, तुम्हाला कधी दिसला?"

"कोण?"

"नागराज."

आता काय सांगणार? मी म्हटलं, "परवा."

"स्वप्नात का जागेपणी?"

"मध्येच कुठंतरी," मी म्हटलं.

पोपटरावांनी पायातल्या चपला काढल्या. मग सगळ्यांनीच काढल्या. कुणाची कुठली हे आठवडाभर सापडत नव्हतं. पहिली पूजा माझ्या हातून झाली, कारण दृष्टांत मला झालेला. माझ्याच चटणीच्या दगडाला मी हळदकुंकू लावलं. पाणी द्यायला पुढं आली ती अनुसया. तिनं बादली खाली ठेवली, दगडाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. बादली उचलली आणि गेली.

सोमवारी संध्याकाळपर्यंत देवाला नाव मिळालं, सातेश्वर. सात नंबरच्या खड्ड्यात निघाला म्हणून. सेवादिनाचा फ्लेक्स काढून त्याचंच छप्पर केलं. त्यामुळं देवाच्या डोक्यावर 'एक माणूस, एक झाड' आणि त्याखाली पोपटरावांचा हात जोडलेला फोटो. चहा समितीची जशीच्या तशी प्रसाद समिती झाली, एकसुद्धा माणूस गळला नाही. पोपटरावांनी जाहीर केलं की इथं देऊळ होणार आणि गुरुवारच्या सकाळच्या आरतीला पायाचा मुहूर्त.

मगदूम सर एकोणतीस रोपं ओळीत मांडून बसले होते. "आक्का, मग बाग कुठं करायची?"

"मला काय विचारता?"

"दृष्टांत तुम्हाला झालाय. पुन्हा एकदा होतो का बघा ना. देव जरा कडेला सरकतो म्हणाला, असं काहीतरी."

सर असे कधी बोलणारे नव्हेत. पोरक्या पोरासारखे दिसत होते. मी तोंड फिरवून घरी आले. कॉलनीतल्या बायका वाटेत माझ्या पाया पडत होत्या. मला पाया पडून घ्यायला आवडतं, खोटं कशाला बोलू? पण त्या दिवशी प्रत्येक वाकलेलं डोकं मला वरवंट्यासारखं दिसत होतं.

मंगळवारी दुपारी सगळे जेवून आडवे झाले तेव्हा मी पदराखाली पिशवी घेऊन गेले. म्हटलं, उचलते आणि आणते. देव जसा आला तसा गेला म्हणतील.

फ्लेक्सखाली अनुसया बसली होती. हात जोडून, डोळे मिटून.

मी वळणार होते. पण ती डोळे न उघडता दगडाला म्हणाली, "देवा, अकरा वर्षं कुठं होतास रे?"

मी थांबले. तिच्याशी बोलायचं नव्हतं. पण देवाशी बोलायला कोण अडवणार? मी शेजारी बसले आणि दगडाला म्हटलं, "देवा, ज्यांचा तुझ्याशी संबंध नाही त्यांना चौकशा करू नका म्हणून सांग."

"देवा, संबंध कसा नाही?" अनुसया म्हणाली. "तुला पळवला म्हणून माझी गल्लीत अब्रू गेली. माझा थोरला तेव्हा नववीत होता. शाळेत त्याला पोरं चोरटीचा म्हणायची. तुला काय, तू गार मातीत पडून होतास."

"देवा, चूक माणसाकडूनच होते."

"होते ना. चूक झाली असती तर मी गिळली असती, देवा. पण एक विचारते. तिथं साप आहे, हे कुणाला आधीच कसं काय ठाऊक होतं?"

मी दगडावरचं हळदकुंकू सारखं केलं.

"आणि सातच नंबर कसा पाहिजे होता? मी तिथंच उभी होते बादली घेऊन. अकरा नंबरला सावली होती."

"देवा, ऊन फार झालंय," मी म्हटलं. "ह्या बाईला घरी पाठव."

अनुसया उठली. गुडघे धरत उठली, तिचेही गुडघे गेलेत हे मला तेव्हा दिसलं. जाता जाता देवाला म्हणाली, "गुरुवारी बारसं आहे म्हणे खोतांकडं. माझ्या पुतणीच्या पोरीचं. मला कुणी बोलावलेलं नाही. तुला तरी बोलावलंय का?"

मी पिशवी रिकामीच घेऊन परत आले. हात लावायला गेले होते. पण हात पुढं जाईना. चोरून नेला असता तर चोरटी कोण झाली असती, हे काय मला कळत नव्हतं? मी शाळा दुसरीपर्यंतच शिकले, पण एवढा हिशोब येतो.

बुधवार असाच गेला. घरात लाडू वळले, पाळणा टांगला. वैजूनं टोपडं शिवलं होतं. तिनं ते पाट्यावर ठेवलं, जिथं वरवंटा असायचा तिथं. मुद्दाम ठेवलं का सहज, मी विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी मी आमच्या मालकांना म्हटलं, "पाटा उचला."

"कुठं?"

"आरतीला."

तोवर पस्तीस वर्षं संसार केला होता माझ्याबरोबर. पुढं काही विचारलं नाही. टॉवेल खांद्यावर टाकला, त्यावर पाटा घेतला आणि कण्हत माझ्या मागून चालायला लागले.

बागेत सगळी कॉलनी जमली होती. पोपटरावांच्या हातात नारळ. मी तशीच गर्दीतून आत गेले आणि म्हटलं, "थांबवा. हा देव नव्हे. हा माझा वरवंटा आहे."

टाळ्या थांबल्या. घंटा वाजवणाऱ्याला ऐकू कमी येतं, तो आणखी थोडा वेळ वाजवत राहिला.

"आक्का," पोपटराव हळूच म्हणाले, "दृष्टांत झालेल्या माणसाच्या तोंडी असं शोभत नाही."

"देव परीक्षा बघतोय," तांबोळीकाका म्हणाले. "आक्कांच्या तोंडून आपली परीक्षा बघतोय."

"परीक्षा घालते चुलीत! मालक, पाटा ठेवा."

मालकांनी पाटा ठेवला आणि स्वतःही त्याच्या शेजारी खाली बसले. मी देवाला उचललं. दोन-तीन बायका किंचाळल्या. बादलीत बुचकळून शेंदूर निघेल तेवढा काढला आणि पदरातून मिरच्या, लसूण, खोबरं काढून सगळ्यांसमोर वाटायला बसले. वरवंटा पाट्याच्या खळग्यात असा बसला की जसा काल तिथनं उचलला होता. लसणाचा वास सुटला.

"बघा. बसला का नाही?"

"देव कशावरही बसतो," प्रसाद समिती म्हणाली.

"अहो, माझ्या पाट्याची झीज आणि ह्याची झीज एक आहे!"

"देवाची लीला," घंटावाला म्हणाला. एवढं मात्र त्याला ऐकू आलं.

मगदूम सर पुढं आले. "आक्का, हा तुमच्या घरातला म्हणून ओळखणारं दुसरं कुणी आहे का? तुमचे मालक सोडून. ते तुम्ही म्हणाल ते ओळखतील."

मालकांनी मान डोलावली.

दुसरं कुणी म्हणजे कोण, हे मला ठाऊक होतं. सासूबाई गेल्या. उरली एकच. ती मागं, नळापाशी उभी होती, बादलीशिवाय.

"अनुसया," मी हाक मारली. अकरा वर्षांत ते नाव तोंडात घेतलं नव्हतं. जड गेलं. "तू सांग ह्यांना."

गर्दीनं वाट करून दिली, पण ती पुढं आली नाही. तिथनंच म्हणाली, "मला काय विचारता आक्का? मी चोर. चोराची साक्ष कोण धरतं?"

"तू चोर नाहीस."

"ऐकू आलं नाही. घंटेजवळच्यांना पण गेलं नसेल."

"तू चोर नाहीस!" मी ओरडले. "तू परत दिला होतास. मीच त्या उन्हाळ्यात ह्या मोकळ्या जागेत लुगडं अंथरून कुरडया वाळत घातल्या. तीन टोकांना विटा ठेवल्या, चौथ्या टोकाला हा. वावटळ आली. लुगडं कुरडयांसकट उडालं, मी त्याच्या मागं पळाले पार सूतगिरणीच्या फाटकापर्यंत. हा इथंच राहिला. संध्याकाळी नगरपालिकेच्या ट्रॉल्यांनी इथं मुरूम ओतला."

"झालं. विसरल्या बिचाऱ्या," पोपटराव समजुतीनं म्हणाले. "वय होतं."

त्यांनी मला वाट काढून दिली होती. मान हलवली असती तर सुटले असते. अनुसया माझ्याकडं बघत उभी होती.

"विसरले नव्हते," मी म्हटलं. "दुसऱ्या दिवशी गल्लीत हिच्या नावानं ओरडले आणि तिसऱ्या दिवशी मला आठवलं. पोळ्या लाटत होते. लाटणं हातातच राहिलं. पण तोवर वर तीन ट्रॉल्या मुरूम होता आणि गल्लीत बोललेलं परत घ्यायला माझी जीभ वळत नव्हती. अकरा वर्षं मला ठाऊक होतं. साप नव्हता. साप मीच."

वरचा फ्लेक्स वाऱ्यानं फडफडत होता.

अनुसया आली. पाट्यासमोर बसली, माझ्या हातातून वरवंटा घेतला आणि चटणीवर चार-पाच वेळा फिरवला. बोटावर चटणी घेऊन चाखली.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. मग वर बघून, "आमचाच आहे. माझ्या दोन्ही पोरांच्या आधी हाच निजला होता पाळण्यात. टवका आक्कांनी पाडलाय, नारळ फोडून. सासूबाईंना मी सांगितलं नव्हतं."

"तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"त्याच आठवड्यात मला दाखवायला तुमच्या घरी आणलं होतं, आक्का. आत येताना खिडकीतनं बघितलं."

पोपटराव नारळ हातात घेऊन उभेच राहिले. त्याचं काय करायचं ते त्यांना कुणी सांगेना. प्रसाद समितीला मात्र राहवेना. एकानं हात पुढं केला, मी त्यावर चटणी ठेवली. मग रांगच लागली. उजव्या हातावर घेऊन, डोळ्यांना लावून खाल्ली सगळ्यांनी. डोळ्यांना लावायला नको होती. अर्धी कॉलनी नळावर पळाली.

मगदूम सर तेवढ्यात सात नंबरच्या खड्ड्यात कढीपत्त्याचं रोप उभं करून माती ओढून मोकळेसुद्धा झाले.

संध्याकाळी बारशाला अनुसयाला बोलवायला मी स्वतः गेले. दारात उभं राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलावलं. ओरडले होते त्याच जागेवरून. पण आली ती एकटी नव्हती, सगळी कॉलनीच आली. चार दिवस ज्याची आरती केली त्याला एकदम कसं सोडायचं? वरवंट्याच्या टवक्यात शेंदूर राहिला होता. टोपडं घालून पाळण्यात निजवला तर येईल तो आधी त्याला हात जोडी आणि मग लाडू घेई. वैजूच्या सासूबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "विहीणबाई, ह्या दगडाच्या पाया का पडतात सगळे?"

"आमच्यात पद्धत आहे," मी म्हटलं. त्या जाम खूश झाल्या. निपाणीत अजून सांगतात.

मी पाळण्याच्या वरून वरवंटा द्यायचा आणि अनुसयानं खालून घ्यायचा. एकदा दिला, दोनदा दिला. शेवटच्या वेळी तिनं तो घेतला आणि परत दिलाच नाही. पदरात गुंडाळून काखेत मारला.

"अगं, दे की."

"अकरा वर्षं चोर म्हणून काढली, आक्का," ती म्हणाली. "आता वस्तू तरी माझ्या घरी राहू दे."

वैजू माझ्या तोंडाकडं बघायला लागली. मालक पाळण्याच्या दोरीकडं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या बाबतीत हे फार वेळा होत नाही.

त्याला आता सतरा वर्षं झाली. वैजूची पोरगी बारावीला आहे, तिच्यापुढं बोलायची सोय नाही. दगडामागून पाळण्यात गेलेली आहे. सात नंबरचा कढीपत्ता माझ्या डोक्यावर गेला. तिथली पोपटरावांच्या नावाची पाटी त्यानं कधीच झाकून टाकली. पाटा माझ्या घरी आणि वरवंटा अनुसयाच्या. दोघींच्या घरात मिक्सर आहेत, पोरांनी आणलेले, फडक्याखाली झाकलेले.

रोज सकाळी ती गुडघे धरत येते, काखेत वरवंटा, हातात कढीपत्त्याची डहाळी, आणि दारातून विचारते, "आक्का, पाटा रिकामा आहे का?"

"अकरा वर्षं रिकामाच होता," मी म्हणते. "ये."